इलेक्ट्रॉनराव, आपले उपकार फेडायचे कसे?

श्रीमान इलेक्ट्रॉनराव यांस,

कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र आपल्याला पोचणार याची खात्री आहे, कारण ते ज्या शाईने छापले जाईल त्या शाईतही आपणच आहात. १८९७ साली केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांनी आपणास उजेडात आणले. तेव्हापासून आपण आमच्यावर केलेले उपकार शाळकरी पोरही घडाघडा सांगेल: दिवा, रेडिओ, संगणक, मोबाईल. त्या सगळ्यांबद्दल आभार आहेतच. आज लिहायचे आहे ते एका वेगळ्या उपकाराबद्दल. तो आपण साठ वर्षे करीत आहात आणि साठ वर्षे अर्धाच करीत आहात.

आमचे मागणे फार नाही. आपल्याला प्रकाशाच्या वेगाजवळ पळवायचे, समोरून लेसरचा प्रकाश सोडायचा, आणि त्या टकरीतून गॅमा किरणांचे अत्यंत आखूड स्पंद काढायचे. आखूड म्हणजे काही पिकोसेकंदांचे, आणि आपली मेहरबानी झाली तर फेम्टोसेकंदांचे. एका फेम्टोसेकंदात प्रकाश जेमतेम ०.३ मायक्रॉन पुढे सरकतो. असे स्पंद आपण देत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. देताच. फक्त एका हाताने देताना दुसऱ्या हाताने काय काढून घेता, ते चारचौघांना कळावे म्हणून पाकीट उघडे ठेवले आहे.

हे हवे कशाला, ते आधी सांगतो. जाड पोलादात तडा जातो तो एका दिवसात जात नाही. डोळ्यांना किंवा साध्या क्ष-किरणांना काही दिसू लागण्याच्या कितीतरी आधी आत अणूंच्या जागा रिकाम्या होऊ लागतात. काही दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा त्या पोलादात काही सेंटीमीटर आत शिरतो आणि तिथल्या तिथे पॉझिट्रॉन जन्माला घालतो. पॉझिट्रॉन म्हणजे वस्तुमान तेच, प्रभार उलटा, असे आपलेच प्रतिरूप. आपली गाठ पडली की दोघेही नाहीसे होता आणि दोन गॅमा बाहेर येतात. निर्दोष लोखंडात पॉझिट्रॉनचे आयुष्य शंभर पिकोसेकंदांच्या आसपास असते. वाटेत एखाद्या अणूची जागा रिकामी असली तर तो तिथे अडकतो आणि जास्त जगतो. तेवढ्या जास्तीच्या आयुष्यावरून आतली पोकळी कळते, धातू न कापता. पण शंभर पिकोसेकंदांचे आयुष्य मोजायचे तर जन्माची वेळ नेमकी माहीत हवी. जन्म देणारा गॅमा-स्पंदच लांबलचक असला तर कसले घड्याळ आणि कसले मोजमाप? म्हणून आखूड हवा. आमची हौस म्हणून मागत नाही.

आता आभार, क्रमाने. सर्वांत आधी आपल्या औदार्याचे. समोरून भरधाव येणाऱ्या एस.टी.वर रबरी चेंडू मारला तर तो आला त्याहून कितीतरी वेगाने परत येतो. फोटॉनचा वेग वाढू शकत नाही, तेव्हा आपण त्याची ऊर्जा वाढवून परत करता. आपली ऊर्जा आपल्या स्थिर वस्तुमानाच्या हजारपट, म्हणजे सुमारे ५११ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट केली, की समोरासमोरच्या टकरीत फोटॉन चाळीस लाखपट ऊर्जा घेऊन माघारी येतो. जाताना १.५५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, डोळ्याला जेमतेम दिसेल न दिसेल असा लाल. येताना ६ दशलक्षांहून जास्तीचा गॅमा. चाळीस लाखपट व्याज कोणती पेढी देते? लेसर १९६० साली आला आणि १९६३ सालीच अमेरिकेत मिलबर्न यांनी, तर आर्मेनियात अरुत्युन्यान आणि तुमान्यान यांनी स्वतंत्रपणे आपल्या या दानतीचा हिशेब मांडला. आपली कीर्ती अशी झटपट पसरली.

एवढे भरभरून देणाऱ्याच्या दारात आम्ही फोटॉनांचा लोंढा घेऊन आलो, आणि आपण दार किती उघडलेत? थॉमसन यांचेच नाव असलेला तो काटछेद: ०.६६५ बार्न. चौरस मीटरच्या भाषेत दशांशचिन्हानंतर अठ्ठावीस शून्ये. एवढ्या दारातून फोटॉनाने नेमके आत यायचे. एक ज्यूलच्या लेसर-स्पंदात ४ वर १८ शून्ये इतके फोटॉन असतात. समोर आपण १०० पिकोकूलॉम, म्हणजे सुमारे ६२ कोटी जण, एका जथ्याने उभे. दोघांनाही दहा मायक्रॉनच्या ठिपक्यात आणून एकमेकांवर सोडले तरी ढोबळ हिशेबाने दीड हजार कोटी फोटॉनांमागे एकाला आपली भेट मिळते. बाकीचे आपल्यामधून सरळ निघून जातात आणि पलीकडच्या भिंतीवर विझतात. एवढी एकांतप्रियता थोर माणसांनाही जमत नाही. आणि तो दहा मायक्रॉनचा ठिपका आपल्या जथ्यावर नेमका बसवायचा म्हणजे काय, हे आरशाची चकती बोटाच्या टोकाने किंचित किंचित फिरवणाऱ्याला विचारा. खोलीतला एअर कंडिशनर सुरू झाला तरी ठिपका हलतो.

तरी आपल्याला सोडून दुसरीकडे जाण्याची सोय नाही, हेही मान्य करतो. प्रोटॉनकडे गेलो असतो तर त्याचे दार सुमारे चौतीस लाखपट लहान. आपल्यापुढे पदर पसरण्यावाचून गत्यंतर नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून तर वागणे असे.

आता मुद्द्यावर येतो. समोरासमोरच्या टकरीत गॅमा-स्पंद किती आखूड होणार, हे लेसरवर जवळजवळ अवलंबून नाही. ते ठरते आपल्या जथ्याच्या लांबीवर. जथा दहा फेम्टोसेकंदांचा, म्हणजे तीन मायक्रॉन लांब, तर गॅमाही तेवढाच. तेव्हा विनंती एवढीच की जरा जवळजवळ उभे राहावे.

पण आपल्या घरच्या भाऊबंदकीचे काय सांगावे! सारे एकाच प्रभाराचे, एकाच वस्तुमानाचे, एकमेकांपासून ओळखूही येणार नाहीत इतके सारखे, आणि म्हणूनच एकमेकांचे तोंड पाहायला तयार नाहीत. उगमाशी, वेग कमी असताना, जवळ आणले की लगेच फुगता आणि पसरता. वेग वाढला की ही तेढ ऊर्जेच्या वर्गाच्या प्रमाणात मावळते, हे खरे. तो आपला मोठेपणा. पण तोवर व्हायचे ते नुकसान झालेले असते. तेच १०० पिकोकूलॉम दहा फेम्टोसेकंदांत कोंबायचे म्हणजे क्षणभर दहा हजार अँपिअरचा प्रवाह. त्याला आपण राजी नाही. जथ्यात थोडे जण असतील तर आखूड होता. पुष्कळ असतील तर लांबता. आखूड मागावे तर गॅमा मूठभर, ओंजळभर मागावे तर स्पंद लांब. साठ वर्षांचा आमचा जो काही तंटा आहे तो हाच.

आपली समजूत काढायला आम्ही काय काय केले नाही! शेपटीकडच्यांना जास्त ऊर्जा दिली, डोक्याकडच्यांना कमी, आणि सगळ्यांना चार चुंबकांच्या नागमोडी वाटेने नेले. जास्त ऊर्जेचे कमी वळतात, आखूड वाटेने जातात आणि पुढच्यांना गाठतात. जथा आवळला जातो. त्वरकावर काम करणारा कोणीही सांगेल की ही युक्ती चालते. आणि ती चालली की आपण काय करता? जथा पुरेसा आखूड झाला की वळणावर आपण सगळे एका तालात प्रकाश फेकू लागता. दुप्पट जण तर चौपट प्रकाश. वळणावर शेपटीचा प्रकाश सरळ रेषेत पुढे जाऊन डोक्याला गाठतो. डोक्याकडच्यांना ऊर्जा मिळते, मागच्यांची जाते, आणि मोठ्या मेहनतीने लावलेली शिस्त विस्कटते. वेगळे असताना जे कधी एकत्र येत नाहीत, ते नेमके आमची घडी मोडायला एकोप्याने उभे राहतात. या एकोप्याबद्दल आपले अभिनंदन.

मग काही लोकांनी आपल्या लांबीचा नादच सोडला. १९९६ साली कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत लेसर समोरून न आणता काटकोनात आडवा मारला. जथा लांब असेना, पण अंगाने बारीक असतो. लेसर त्याची जाडी ओलांडतो तेवढ्याच वेळात टक्कर होते. ३०० फेम्टोसेकंदांचा क्ष-किरणांचा स्पंद मिळाला. हीच युक्ती जपानमध्ये ओकाझाकीच्या यूव्हीसॉर या साठवण-वलयात गॅमासाठी वापरली गेली. तिथे ७५० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टवर आपण फिरत असता आणि जथे शेकडो पिकोसेकंदांचे असतात. उभ्या दिशेने मात्र ते अगदी चपटे. लेसर वरून खाली सोडला की ६.६ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचा, काही पिकोसेकंदांचा गॅमा मिळतो, आणि मी वर सांगितले ते पॉझिट्रॉनचे घड्याळ तिथे खरोखर चालते. जाड नमुन्याच्या पोटातली अणूएवढी पोकळी मोजता येते. हे वाचून कोणालाही आनंद व्हावा. आम्हाला झाला.

आपण त्याचीही किंमत वसूल केलीत. काटकोनात चाळीस लाखपट नाही, निम्मीच वाढ. हजारपट ऊर्जेला वीस लाखपट. आणि शेकडो पिकोसेकंदांच्या जथ्यातल्या काही पिकोसेकंदांच्या कापालाच लेसर भेटतो. बाकी सगळा जथा अंगाला धक्का न लावता निघून जातो. आखूड दिलेत, संख्या काढून घेतलीत. पुन्हा तेच.

तेव्हा आम्ही आपल्या जन्माची जागाच बदलली. ताजिमा आणि डॉसन यांनी १९७९ साली सुचवले होते की लेसरने प्लाझ्मात लाट उठवून तिच्यावर आपल्याला स्वार करावे. २००४ साली ब्रिटन, फ्रान्स आणि अमेरिका अशा तिन्हीकडच्या गटांनी एका ऊर्जेच्या आसपास राहणारे जथे मिळवून दाखवले. इथे काही मिलिमीटरांत जे होते त्याला एरवी मोठी लांबलचक यंत्रे लागतात. आणि मुख्य म्हणजे जथा जन्मतःच काही फेम्टोसेकंदांचा. २०१२ साली फ्रान्समध्ये तर एकाच लेसर-स्पंदाने दोन्ही कामे केली. त्याने आपल्याला पळवले, पुढे ठेवलेल्या पातळ पापुद्र्याचा क्षणात आरसा झाला, आणि त्यावरून उलटलेला तोच प्रकाश मागून येणाऱ्या आपल्यावर आदळला. वेळ जुळवायची कटकटच नाही. हे सुचलेल्या माणसांपुढे मी मनापासून हात जोडतो. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १०० टेरावॉटचा आणि इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात १५० टेरावॉटचा लेसर आहे. म्हणजे आपल्याशी ही बोलणी करायला आता समुद्र ओलांडावा लागत नाही.

पण प्लाझ्मात जन्मल्यावर आपले पाय जमिनीवर राहत नाहीत. ते पाहायचे असेल तर एखाद्या रात्री नियंत्रण-खोलीत या. दार बंद, लाल दिवा लागलेला, लेसरची खोली रिकामी असल्याची खात्री झालेली. कोणीतरी म्हणते, "शॉट." पडद्यावर आपण आदळता तिथे बोटाच्या पेराएवढा हिरवा ठिपका चमकतो. गोल, घट्ट, अगदी मधोमध. सगळ्यांचे चेहरे उजळतात. एकाही बटणाला हात न लावता पुन्हा "शॉट", आणि ठिपका दोन बोटे डावीकडे, लांबट, फिका. तिसऱ्याला दोन ठिपके. आपली ऊर्जा एक टक्का इकडेतिकडे झाली तर गॅमाची दोन टक्के होते, आणि प्लाझ्मात आपण एक टक्क्यावर कधी थांबता? फेम्टोसेकंदांचा आखूडपणा दिलात. भरवसा तेवढा घेऊन गेलात.

बरे, भेट दुर्मीळ आहे तर लेसर आणखी जोरकस करू, असे एखादा भाबडा म्हणेल. आपण त्याचेही स्वागत केलेत. तो एक ज्यूल ३० फेम्टोसेकंदांत त्या दहा मायक्रॉनवर ओतला की आपण साधे डोलणे सोडून आठाच्या आकड्यासारखे हेलकावे घेऊ लागता. पुढे जाण्यातली ऊर्जा त्या नाचात खर्ची पडते, आणि गॅमाची ऊर्जा स्पंदाच्या मध्यावर निम्म्याहूनही खाली येते. कडेला वेगळी, मध्ये वेगळी. मग आम्हाला लेसरचाच स्पंद ताणून लांब करावा लागतो. आखूड गॅमासाठी लांब लेसर! तरी या नाचाला मी वाईट म्हणणार नाही. स्टॅनफर्डच्या स्लॅक प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात ४६.६ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टवर आपण असा लेसर झेललात तेव्हा प्रकाशावर प्रकाश आदळून पदार्थ जन्माला आला. सुमारे २२ हजार शॉटांत शंभरेक पॉझिट्रॉन. भौतिकशास्त्रात त्या आकड्याला फार मान आहे. बावीस हजारांत शंभर, ही आपल्या हातून सुटलेली आजवरची सर्वांत मोठी उधळण.

इतक्या खस्ता खाऊन निघालेला गॅमा तरी सरळ यावा. तो येतो शंकूतून. हजारपट ऊर्जेला दहा मीटरवर एक सेंटीमीटर त्रिज्येचा शंकू, आणि त्यात मध्यभागी पूर्ण ऊर्जा, त्या कडेला निम्मी. आम्हाला एक टक्क्याच्या आतली एकसारखी ऊर्जा हवी असेल तर मध्ये बारीक भोक असलेला शिशाचा ठोकळा ठेवून बाकी सगळे त्यात मारून टाकावे लागते. शंभरातले दीड गॅमा पलीकडे जातात. दीड हजार कोटींतून एक निवडून आणायचा, आणि अशा शंभरांतले साडेअठ्ठ्याण्णव शिशात पुरायचे. ही रीत आपल्या घराण्यात कोणी घातली?

आणि शेवटचा उपकार तर असा की तक्रार करायलाही पुरावा हाती राहू नये. सगळे गॅमा एकाच क्षणी येतात. गॅमा टिपणाऱ्या स्फटिकाला एकच लखलखाट दिसतो. त्यात सहा दशलक्षांचा एक होता की एक-एक दशलक्षाचे सहा, हे त्याला सांगता येत नाही. किती काळ चमकला, हे तर त्याहून नाही. आमचे गॅमा-शोधक पिकोसेकंदांपाशीच थकतात, फेम्टोसेकंद त्यांच्या आवाक्यातच नाहीत. मग गॅमा-स्पंद दहा फेम्टोसेकंदांचा आहे हे आम्ही कशावरून लिहितो? जथ्याची लांबी मोजून. म्हणजे आपल्याच साक्षीवरून. आरोपी आपण, साक्षीदार आपण, आणि निकालपत्रावर सही आमची.

इलेक्ट्रॉनराव, एवढे लिहिल्यावर आता नम्रता बाजूला ठेवून सांगतो. एकेक गोष्ट आपण कधी ना कधी दिली आहे. आखूड जथा दिलात, भरलेला जथा दिलात, एकसारखी ऊर्जा दिलीत, सरळ वाट दिलीत. सगळे एकाच शॉटमध्ये कधीच दिले नाही. जे दिले नाही त्यापायी एखाद्या कारखान्यातले जाड पोलाद तडा जाईपर्यंत निर्दोष ठरते, याचा मला राग आहे आणि तो लपवायचे कारण नाही.

तरी मागणे पुन्हा मांडतो, लेखी: १०० पिकोकूलॉम, दहा फेम्टोसेकंद, दहा मायक्रॉन, एक टक्का. चारही एकदम, आणि शॉटमागून शॉट तसेच. लेसर तयार आहे. पापुद्रा बसवला आहे. शिशाचा ठोकळा मध्यावर आणला आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
लेसरच्या खोलीतून